स्टार ट्रेकमधल्या क्लिंगॉनांची कपाळं दर सिरीजला बदलतात, हे फॅन लोक पचवतात कसं?

तुमचा प्रश्न वाचून हसायला आलं कारण ह्याच विषयावर आमच्या घरी एक अख्खा पावसाळा गेलाय. मी वेंगुर्ल्याकडचा. माझा मामा वीसेक वर्षं दशावतारात काम करायचा, आणि एका जुलैमध्ये लाईट असेल तेव्हा लॅपटॉपवर मी स्टार ट्रेक, म्हणजे ती अंतराळातली अमेरिकन सिरीज, लावायचो आणि तो बाजूला येऊन बसायचा. इंग्रजी त्याला कळत नव्हतं, मी सांगत जायचो.

आधी खरं कारण सांगतो, ते म्हणजे पैसा. १९६७ साली क्लिंगॉन, म्हणजे त्यातली परग्रहावरची लढवय्यी जमात, पहिल्यांदा दिसले तेव्हा टीव्हीच्या बजेटमध्ये जेवढं बसलं तेवढं केलं, तपकिरी रंग, जाड भुवया, दाढीमिशी, झाला परग्रहावरचा माणूस. १९७९ ला सिनेमा आला, पैसा आला, मग कपाळावर हाडांचे उंचवटे आले ते कायमचेच. स्टार ट्रेक ज्यांनी काढलं त्या रॉडेनबेरींचं म्हणणं साधारण असं की ते पहिल्यापासून असेच होते समजा, तेव्हा आम्हाला परवडत नव्हतं एवढंच. बरेच जुने फॅन हेच धरून चालतात आणि मला वाटतं तेच सगळ्यात सरळ आहे.

पण काहींना गोष्टीच्या आतलं कारण हवं असतं. गंमत म्हणजे हा घोळ मेकर लोकांनीच वाढवला. १९९६ ला डीप स्पेस नाईन ह्या नंतरच्या स्टार ट्रेक सिरीजवाल्यांनी आपली माणसं १९६७ च्या एका जुन्या भागात कॉम्प्युटरने घुसवली, तिथे बारमध्ये सपाट कपाळाचे क्लिंगॉन, आणि शेजारी ह्यांच्यातलाच क्लिंगॉन, उंचवटेवाला वॉर्फ. सगळे त्याच्याकडे बघतात, एक जण विचारतो जनुकांची काही भानगड का, दुसरा विचारतो व्हायरस का, आणि वॉर्फ तोंड वाकडं करून म्हणतो की आम्ही हे बाहेरच्यांशी बोलत नाही. बास. माझ्या मते इथेच थांबायला हवं होतं.

नाही थांबले. २००५ ला एंटरप्राइज नावाच्या सिरीजमध्ये (तिची गोष्ट १९६७ वाल्या सिरीजच्या आधीच्या काळातली) दोन भाग काढले आणि दोन्ही अंदाज खरे ठरवले. म्हणजे क्लिंगॉन लोक माणसांच्या सुधारित भ्रूणांचे जनुक वापरून आपले सैनिक ताकदवान करायला जातात, त्यातून एक फ्लूसारखा व्हायरस तयार होतो, लाखो लोकांना लागण होते, जहाजावरचा डॉक्टर फ्लॉक्स उपाय काढतो पण कपाळावरचे उंचवटे जातात आणि पुढच्या पिढीतही येत नाहीत. भाग चांगले आहेत, खोटं कशाला बोलू. फक्त कॉर नावाचा जो पहिला क्लिंगॉन १९६७ मध्ये सपाट कपाळाने आला तोच १९९४ मध्ये म्हातारा होऊन उंचवटे घेऊन येतो, नट तोच, जॉन कॉलिकोस. ह्यावर फॅन लोक म्हणतात कपाळाचं ऑपरेशन केलं असणार, कारण २००५ च्या भागात एक क्लिंगॉन डॉक्टर आता हाच धंदा जोरात चालणार अशा अर्थाचं बोलतो. असेल बाबा.

हे सगळं मी मामाला समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि १९९४ चा कॉर बघत म्हणाला, "ह्येच्या कपाळार काय चिकटवल्यानी तां सोड, तो बोलता कसो तां बघ. तोच मा तो?" तोच होता. आवाज तोच, मस्ती तीच. मग मी त्याला मार्क लेनार्ड ह्या नटाचं सांगितलं, की हा माणूस १९६६ ला रोम्युलन झाला, १९६७ ला स्पॉकचा बाप म्हणजे व्हल्कन (ह्या दोन्ही परग्रहावरच्या वेगळ्या जमाती), आणि १९७९ च्या सिनेमात क्लिंगॉन जहाजाचा कॅप्टन. मला वाटलं चाट पडेल. तर म्हणतो, "हेका तेरा वर्सां लागली? आमच्यात एका रातीक करतत." आता ज्याने देवळासमोर त्याच एका बाकड्यावर कैलास पण मांडला आणि लंका पण, त्याला मी कपाळाचं काय सांगणार.

डिस्कव्हरी ह्या नव्या सिरीजचं मात्र त्याला पटलं नाही. २०१७ ला क्लिंगॉन एकदम टकले, लांबट डोक्याचे, नाकपुड्या चार. नेटवर केवढा गदारोळ झाला होता. २०१९ ला केस परत आले, कारण दिलं की युद्धात भादरतात आणि शांततेत वाढवतात, आणि नंतर स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स ह्या सिरीजमध्ये तर गुपचूप जुनाच चेहरा परत आणला, खुलासा वगैरे काही नाही. माझाही राग डोक्याच्या आकारावर नव्हता हो. त्या रबराखाली आणि मोठ्या दातांमागे नटांना नीट बोलताच येत नव्हतं, एकेक वाक्य दळण दळल्यासारखं. मामा पाच मिनिटांत उठला, "रबर काढ आनी तेका बोलूक दी."

आणि एक, स्टार ट्रेकमधल्याच ट्रिल नावाच्या दुसऱ्या जमातीचं कोणी विचारतच नाही. १९९१ ला कपाळावर उंचवटे, १९९३ ला डीप स्पेस नाईनमधली ट्रिल बाई जॅडझिया डॅक्स आली ती गळ्याजवळ ठिपके घेऊन. कारण कुणी दिलं नाही, आणि तिच्यापुढे कोणाला आठवलंही नाही.

तर तुम्ही १९६७ चा कॉर बघा आणि लगेच १९९४ चा बघा, मधलं नंतर. वॉर्फचं ते वाक्य मामाला एवढं आवडलं की पुढे जत्रेवरून पहाटे उशिरा आला आणि मामीने कुठे होता विचारलं की छाती काढून सांगायचा, "आमी भायरच्यांका सांगनव नाय." मामी म्हणायची, "मगे जेवान पन भायरच जेवा."