‘अरोमँटिक’चा ‘रोमांच’शी काही संबंध नाही

‘अरोमँटिक’ हा शब्द आला कुठून आणि मराठीत ‘अप्रेमी’ म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आहे.

कुणाविषयी प्रणयाची ओढ वाटतच नाही किंवा क्वचित वाटते, ते अरोमँटिक. अलैंगिक असणं, म्हणजे लैंगिक ओढ न वाटणं किंवा क्वचित वाटणं, ही वेगळी गोष्ट. शब्द रुळला तो मात्र अलैंगिक मंडळींच्या इंटरनेटवरच्या चर्चांतून, या शतकाच्या सुरुवातीला.

आता मूळ. ‘रोमान्स’ आपल्या ‘रोमांच’वरून गेला असं छातीठोकपणे सांगणं आता थांबवा. रोमांचातला रोम म्हणजे अंगावरची लव. रोमान्समधलं रोम हे शहर. ‘रोमा’ची लॅटिन अक्षरं उलटी वाचली की ‘आमोर’, म्हणजे प्रेम, होतं हे खरं, पण ती व्युत्पत्ती नव्हे.

खरी हकिगत कितीतरी देखणी आहे. लॅटिन ‘रोमानिके’ म्हणजे ‘रोमन बोलीत’. पंडितांची लॅटिन लोकांना कळेना, तेव्हा ८१३ साली फ्रान्समधल्या तूरच्या धर्मसभेने ठरवलं की प्रवचनं ‘रुस्तिका रोमाना लिंग्वा’त, म्हणजे खेडवळ रोमन बोलीत, नाहीतर जर्मन बोलीत करावीत. एकनाथांना प्राकृताची बाजू का मांडावी लागली हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला यापुढे काही समजावायला नको. या बोलीत लिहिलेलं ते जुन्या फ्रेंचमध्ये ‘रोमान्झ’. त्यात सरदारांच्या साहसाच्या नि प्रेमाच्या कथा गाजल्या आणि बोलीचं नाव कथेला चिकटलं. फ्रेंच कादंबरीला आजही ‘रोमाँ’च म्हणतात. सतराव्या शतकात इंग्रजीत ‘रोमँटिक’ आला तो ‘कथेत शोभेलसा’ या अर्थाने, प्रेम मागाहून.

म्हणून मी म्हणतो, शब्द अचूक आहे. अरोमँटिक माणसाच्या आयुष्यात नसते ती माया नव्हे, तर ती ठरलेली कथा: नजरानजर, हुरहुर, विरह, मीलन. भाच्यांना वाढवणारी, आजारी मैत्रिणीच्या उशाशी रात्र काढणारी मावशी अरोमँटिक असू शकते. तिला ‘अप्रेमी’ म्हणणं अन्याय आहे.

ग्रीक ‘अ’ लॅटिन शब्दाला जोडला म्हणून नाक मुरडणाऱ्या पंडितांना टेलिव्हिजन कसा चालतो? तोही असाच संकर. शिवाय तो ‘अ’ आपल्या ‘अ’चा सख्खा भाऊ: ग्रीक ‘आग्नोस्तोस’, आपलं ‘अज्ञात’, स्वरापुढे दोन्हीकडे ‘अन्’. इंग्रज ‘एरोमँटिक’ म्हणोत, आपण ‘अ’च लिहावा. अनुस्वार तेवढा सांभाळा. तो गळला की ‘अरोमॅटिक’ होतं, आणि तो सुगंधाचा निराळाच शब्द आहे.