वाचकांचे प्रश्न : सातपुड्याची वाट, काळे शिवार आणि ड्युअल-स्पोर्ट गाडीचे टायर

ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींवर चालणाऱ्या मोटरसायकलच्या टायरविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी निवडली आहेत. तिन्ही खानदेशातील असली तरी तिघांच्या पायाखालची जमीन वेगवेगळी आहे आणि त्यामुळे उत्तरेही वेगवेगळी आहेत.

प्रश्न : मी तळोद्याला राहतो आणि धडगाव तालुक्यातील एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. आठवड्यातून दोनदा चांदसैली घाट चढतो-उतरतो, शाळेपासून पाड्यांपर्यंत मुरमाच्या आणि दगडगोट्यांच्या वाटेने जातो आणि महिन्यातून दोन-तीनदा महामार्गाने धुळ्याला जातो. गाडी हिरो एक्सपल्स २०० ४व्ही आहे. तेरा हजार किलोमीटरनंतर मागचा टायर पार गोटा झाला असून पुढच्याची नक्षी निम्मी उरली आहे. दुकानदार म्हणतात, पुढेमागे दोन्हीकडे मोठ्या ठोकळ्यांचे टायर घाला. सहकारी म्हणतात, ते डांबरावर घसरतात. कोणाचे ऐकावे? — एक शिक्षक, तळोदा

उत्तर : दोघांचेही अर्धे बरोबर आहे. मात्र निर्णय त्यांच्या सांगण्यावरून न घेता आपल्या वहीवरून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. पुढचा एक महिना रोज संध्याकाळी तीन आकडे लिहा : डांबरावर किती किलोमीटर झाले, मुरमावर किती आणि दगडांतून किती. बहुतेकांना आपण आडवाटेने जितके फिरतो असे वाटते, त्याच्या निम्मेही अंतर तिथे झालेले नसते. आपल्या पत्रातील वर्णनावरून आपले किमान दोन तृतीयांश किलोमीटर डांबरावरच होत असावेत.

टायरच्या जाहिरातीत ८०-२०, ५०-५० असे जे आकडे असतात, त्यांतला पहिला रस्त्यासाठी आणि दुसरा कच्च्या वाटेसाठी असतो. हे आकडे कोणत्याही ठरलेल्या मोजमापातून आलेले नसून प्रत्येक कंपनी ते आपल्या अंदाजाने देते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा टायर हातात घेऊन ठोकळ्यांमधली मोकळी जागा पाहा. जागा जितकी जास्त, तितका टायर भुसभुशीत जमिनीत रुततो आणि पकडतो, पण डांबराला टेकणारे रबर तितकेच कमी होते. उंच, सुटे ठोकळे वळणावर आणि ब्रेक लावताना मुडपतात, त्यामुळे ओल्या डांबरावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. तेच ठोकळे मे महिन्यात तापलेल्या महामार्गावर ताशी ८०-९० किलोमीटर वेगाने धावले, की मधल्या ओळीतून भराभर झिजतात. एकाच कंपनीतला फरक पाहायचा असेल तर काँटिनेंटलचे टीकेसी ८० आणि टीकेसी ७० शेजारी शेजारी ठेवून पाहावेत : पहिल्यात सुटे, मोठे ठोकळे आहेत, तर दुसऱ्याची नक्षी बरीच भरीव आहे.

आता मूळ मुद्दा. पुढचा आणि मागचा टायर सारखाच असला पाहिजे, असा नियम नाही आणि आपल्यासारख्या वापरात तो सारखा नसावा, असे माझे ठाम मत आहे. मागचे चाक मुरमावर थोडे घसरले तर गाडी वाकडी होते आणि बहुतेक वेळा सावरते, पण पुढचे चाक घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. घाटातल्या वळणावर कठीण रस्त्यावर सांडलेला मुरूम म्हणजे फरशीवर पसरलेले ज्वारीचे दाणे. त्यात दिशा धरून ठेवण्याचे काम पुढच्या चाकाचे आहे. दुसरीकडे इंजिनाचा सगळा जोर आणि सामानाचे वजन मागच्या टायरवर पडत असल्यामुळे तो पुढच्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने झिजतो, हे आपणही अनुभवले आहेच. म्हणून मागे मधोमध भरीव किंवा सलग पट्टी असलेला आणि कडेला ठोकळे असलेला टायर घ्या. जाहिरातीच्या भाषेत तो ७०-३० च्या आसपासचा असेल. पुढे त्याहून उघड्या नक्षीचा, म्हणजे ५०-५० म्हणून विकला जाणारा टायर घाला. यात ओल्या डांबरावरची पुढच्या चाकाची पकड थोडी कमी होते, हे मी लपवत नाही, पण पावसाळ्यात घाट हळू उतरणाऱ्या माणसाला हा व्यवहार परवडतो.

पुढच्या टायरची निम्मी नक्षी डांबरासाठी पुरेशी आहे. मुरमासाठी मात्र तो टायर संपत आला आहे, कारण कच्च्या वाटेवर ठोकळ्याची धारदार कड काम करते आणि ती गोल झाली की उरलेली उंची फारशी उपयोगी पडत नाही. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी तोही बदलून टाका.

खरेदीच्या वेळी टायरच्या बाजूवरचा मजकूर वाचण्याची सवय लावून घ्या. आपल्या गाडीचे माप पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/८०-१८ असे आहे. मागच्या मापाचा अर्थ असा, की टायर १२० मिलिमीटर रुंद आहे, त्याची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ९६ मिलिमीटर आहे आणि रिम १८ इंचांचा आहे. त्यापुढे एक संख्या आणि एक अक्षर असते. ५४ म्हणजे २१२ किलो आणि ६२ म्हणजे २६५ किलो भार, तर पी म्हणजे ताशी १५०, क्यू म्हणजे १६० आणि एस म्हणजे १८० किलोमीटर वेगमर्यादा. भाराची संख्या मूळ टायरपेक्षा कमी असलेला टायर, तो कितीही स्वस्त असला तरी, घेऊ नये. बसवताना बाणाची दिशा चाक फिरण्याच्या दिशेशी जुळते ना, हे स्वतः उभे राहून पाहावे. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी जपून चालवावी, कारण नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि तो थोडा घासला गेल्यावरच पकड येते.

हवेबद्दल आपण विचारलेले नाही, पण त्याशिवाय हे उत्तर अपुरे राहील. चांगला टायर चुकीच्या हवेवर वाईट टायरासारखाच वागतो. आपल्याकडे जानेवारीत पहाटे अंगावर काटा येतो आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. हवेचे तापमान दहा अंशांनी वाढले, की तीस पौंड दाबाच्या (पीएसआय) टायरमध्ये साधारण दीड पौंड दाब वाढतो. म्हणून हवा नेहमी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी मोजावी आणि गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेतील आकडा पाळावा. दुपारी महामार्गावरून आल्यावर दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नये, कारण तो आकडा गरम टायरचा असतो. पाड्यांच्या मुरमाच्या वाटेवर चार-पाच पौंड हवा कमी केल्यास टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि फरक लगेच जाणवतो. दगडगोट्यांत मात्र हा मोह आवरावा. कमी हवेत टायर दगडावर आपटला, की ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. कधी रिमलाच पोचा येतो. खिशात एक दाबमापक आणि डिकीत पायाने मारायचा छोटा पंप असू द्यावा, म्हणजे डांबराला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरता येईल.

प्रश्न : माझे केळीचे शेत यावल तालुक्यात तापीच्या बाजूला आहे. शेतरस्ता काळ्या जमिनीतून जातो. पाऊस पडला की दोन्ही चाकांना गारा, म्हणजे चिकट चिखल, चिकटून गाडी जागीच अडते. यातून निघेल असा टायर कोणता? — एक शेतकरी, यावल तालुका

उत्तर : असा टायर नाही, आणि तो आहे असे सांगून आपल्याला कोणी महागडा टायर विकत असेल तर घेऊ नका. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

आपली काळी जमीन बेसाल्ट खडक झिजून तयार झाली आहे आणि तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात. उन्हाळ्यात जिच्या भेगांत हात जातो, तीच जमीन पावसात फुगून चिकट होते. लाल मातीचा किंवा वाळूमिश्रित चिखल चाक फिरताच ठोकळ्यांमधून बाहेर फेकला जातो. काळा गारा फेकला जात नाही. तो ठोकळ्यांमधल्या जागेत बसतो, त्यावर आणखी थर चढतो आणि दहा-वीस फेऱ्यांत नक्षीच नाहीशी होते. तेव्हा आपण मोठ्या ठोकळ्यांचा टायर घातला होता की गुळगुळीत, याने काहीच फरक पडत नाही. त्यानंतर गारा मडगार्ड आणि टायर यांच्यात भरतो आणि चाक जाम होते. जोरात ॲक्सिलरेटर देणे हा या अवस्थेतला सर्वांत वाईट उपाय आहे, कारण मागचे चाक जागेवर फिरून खड्डा करते आणि क्लचच्या प्लेटा जळतात.

उंच मडगार्ड असलेल्या गाडीत पुढचे चाक थोडे उशिरा अडते, इतकाच काय तो आधार. एक लाकडी काठी गाडीला बांधून ठेवा आणि गारा दाट होण्यापूर्वीच थांबून काढत जा. टायरसाठी ठेवलेले पैसे मुरमाच्या दोन-चार ट्रॉल्यांवर खर्च करून रस्त्याचा सर्वांत सखल तुकडा भरून घ्या. शेजारच्या बांधकऱ्यांनी वाटा उचलला तर अधिकच चांगले. टायर निवडताना आपण यावल ते जळगाव किती वेळा जाता, याचाच विचार करा आणि भरीव नक्षीचा टायर घ्या.

प्रश्न : मी भुसावळला नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ घेऊन पाल, मनुदेवीच्या बाजूला जाते. बाभळीच्या काट्यांनी दर महिन्याला पंक्चर होते. चाके ट्यूबलेस करून घ्यावीत का? मागे १२० ऐवजी १४० रुंदीचा टायर बसतो असे एकाने सांगितले, तो घ्यावा का? दुकानात एक जुना टायर बऱ्याच सवलतीत मिळत आहे, तो चालेल का? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. टायरच्या बाजूला लंबगोलात चार अंक असतात. २३२४ असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. सावलीत ठेवलेला दोन वर्षांचा टायर चालतो. दुकानाबाहेर उन्हात टांगलेला असेल तर वर्षभराचाही नको, विशेषतः ठोकळ्यांच्या मुळाशी बारीक भेगा दिसत असतील तर मुळीच नको.

१४० चा टायर घेऊ नये. मूळ रिमवर तो कडेने आत ओढला जातो, त्याचा आकार बिघडतो, गाडी वळणावर जड होते आणि चेनला घासण्याची शक्यता राहते.

आपल्या चाकाला तारा आहेत आणि प्रत्येक तारेचे टोक रिममधून आत येत असल्यामुळे तिथून हवा निसटते. ती छिद्रे बंद करून ट्यूबलेस करून देणारे आहेत. परंतु ट्यूबच्या अनेक रिमना टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा नसतो आणि हवा गेली की टायर रिमवरून सरकू शकतो. दगडांत फिरणाऱ्या गाडीला हा धोका मला पत्करावासा वाटत नाही. त्याऐवजी जाड ट्यूब घाला आणि झिजलेला टायर वेळेत बदला, कारण रबराचा थर पातळ झाला की काटा सहज आत जातो. लांब जाताना पुढच्या चाकाची २१ इंची ट्यूब जवळ ठेवा. अडचणीच्या वेळी ती मागच्या चाकातही घालून हळूहळू गावापर्यंत येता येते. १७ इंची ट्यूब मात्र पुढे चालत नाही.

दर महिन्याला होणारे पंक्चर नव्या काट्याचेच असेल असे नाही. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडतो, त्याचे टोक रबरात तसेच राहते आणि नवी ट्यूबही त्याच जागी फुटते. ट्यूब काढताना तिची दिशा न बदलता ती टायरशेजारी ठेवली, तर छिद्रावरून टायरमधली जागा लगेच सापडते. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून जुने सुती फडके सावकाश फिरवा. काट्याचे टोक उरले असेल तिथे फडके अडकते आणि चिमट्याने ते बाहेरच्या नव्हे, आतल्या बाजूने ओढून काढता येते.