हायलम : बीजाचे आणि फुप्फुसाचे

प्रश्न : आईच्या छातीच्या एक्स-रे अहवालात दोन्ही बाजूंचे ‘हायलम’ सर्वसाधारण असल्याचा उल्लेख होता. हाच शब्द मी वनस्पतिशास्त्रात बीजाच्या संदर्भात शिकलो होतो. फुप्फुस आणि बीज यांत असे काय समान आहे?

उत्तर : भिजवलेला राजमा बोटांत धरून त्याची आत वळलेली कड पाहिल्यास तेथे एक लांबट, फिकट वण दिसेल. शेंगेत बीज ज्या बारीक देठाने जोडलेले होते, तो देठ तुटल्याची ही खूण म्हणजे बीजाचे हायलम. त्याच्या एका टोकाशी टाचणीच्या अग्राएवढे छिद्र असते आणि बीज हलकेच दाबले, तर तेथून पाणी झिरपते. ते मात्र बीजरंध्र होय. विद्यार्थी या दोहोंची हमखास गल्लत करतात.

शरीररचनाशास्त्रात रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि इतर नलिका अवयवात जेथून ये-जा करतात, त्या जागेला हायलम म्हणतात. मूत्रपिंडाच्या आतल्या, खोलगट कडेवर ते असते व तेथे साधारणपणे पुढे शीर, मधे रोहिणी आणि मागे मूत्रवाहिनीचा रुंद आरंभ अशी मांडणी आढळते. फुप्फुसाच्या हायलममधून श्वासनलिकेची शाखा आत शिरते. एक्स-रेवर तेथे दिसणारी छाया मुख्यतः रक्तवाहिन्यांची असते आणि डावीकडची छाया उजवीपेक्षा किंचित वर असणे हे स्वाभाविकच आहे. यकृताच्या अशाच प्रवेशद्वाराला मात्र ‘पोर्टा हेपॅटिस’ हे वेगळे नाव आहे.

तेव्हा समान आहे ती जोडणीची जागा. फरक असा, की बीजावर ती जोडणी संपल्याचा वण उरतो, तर फुप्फुसात तेथील वाहतूक जन्मभर चालू असते. मराठीतील ‘नाभी’ हा प्रतिशब्द म्हणूनच मला बीजाला चपखल वाटतो, कारण बेंबीही तुटलेल्या नाळेची खूणच असते. मूत्रपिंडाच्या संदर्भात ‘द्वार’ म्हटलेले अधिक बरे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तर ‘क्षुल्लक वस्तू’ एवढाच आहे.

याच शब्दाचा तिसरा अर्थ बटाट्यातील स्टार्चचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना भेटतो. ज्या बिंदूभोवती कणाचे थर साचत गेलेले असतात, तो बिंदूही हायलमच, आणि बटाट्यात तो मध्यभागी नसून एका टोकाकडे सरकलेला असतो. तेथे ना देठ असतो, ना वाहिन्या.