आधी तिला फोन कर

पत्र

ताई, पाच महिन्यांपूर्वी आमच्या कंपनीनं खरेदी विभाग बंद करून ते काम बाहेर दिलं. चौदा वर्षं मी तिथे होते, शेवटची सहा विभागप्रमुख म्हणून. तेव्हापासून रोज सकाळी पोर्टलं उघडते आणि अर्ज टाकते. सुरुवातीला नकार तरी यायचे, आता तेही येत नाहीत. सगळीकडे भरती थांबवली आहे म्हणतात. सीव्ही पैसे देऊन दोनदा नव्यानं लिहून घेतला. प्रोफाइलवर जुनं पद तसंच ठेवलंय, उगाच चर्चा नको. नवरा म्हणतो, घाई करू नकोस, बाजार सुधारू दे. मध्यंतरी माझ्या हाताखाली असलेल्या एका मुलीचा मेसेज आला होता, ‘मॅडम, कळलं. कशा आहात?’ तिला दीड वर्षापूर्वी आमच्याकडून कमी केलं होतं, आता दुसऱ्या कंपनीत आहे. तिला काय उत्तर देणार? ते असो. मला एवढंच सांगा, अर्ज करत राहू की वेगळ्या क्षेत्राचा एखादा कोर्स करू?

– एक वाचक

उत्तर

‘ते असो’ म्हणून तू जे बाजूला सारलंस, मला त्याच्याबद्दलच बोलायचंय. कोर्सचं विचारलंस, तर आत्ता नको. सीव्ही तिसऱ्यांदा लिहून घेऊ नकोस. संपला तो विषय.

तिला काय उत्तर देणार? अगं, ‘बरी नाहीये, नोकरी शोधतेय’ एवढंच द्यायचं होतं. इतके अर्ज भरणाऱ्या बाईला हे चार शब्द लिहवले नाहीत. का, ते तुला ठाऊक आहे. पत्रात ते आलेलं नाही म्हणून मी लिहिते. त्या मुलीला नारळ मिळाला तेव्हा विभागप्रमुख तू होतीस. यादी वरून आली असेल, तुझं काही चाललं नसेल, हे मी धरून चालते. पण त्यानंतर तू तिला एक फोन तरी केला होतास का? केला असतास तर आज तिचा मेसेज तुला इतका जड गेला नसता. दीड वर्षापूर्वी तू जे करायला हवं होतंस ते या मुलीनं आता तुझ्यासाठी केलं, आणि तेच तुला सोसवत नाहीये.

दुसरं कारण जरा कमी शोभेचं आहे. जी मुलगी रजेचा अर्ज घेऊन तुझ्या टेबलापाशी उभी राहायची, तिला ‘माझ्यासाठी शब्द टाक’ म्हणायचं. हा मिंधेपणा नको म्हणून तू अनोळखी यंत्रांपुढे हात पसरतेयस. त्यांच्यापुढे निदान मान खाली घालावी लागत नाही.

बाजार वाईट आहे, यावर मी वाद घालत नाही. पण वाईट बाजारात जागा भरतात कशा, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुझ्याच विभागातला कुणी ऐन मंदीत सोडून गेला आणि तुला कशीबशी एक जागा मंजूर झाली, तर तू काय करायचीस? जाहिरात दिली की शेकडो सीव्ही येऊन पडणार, ते चाळायला माणूस नाही, आणि चुकीचा माणूस घेतला तर पुन्हा जागा मिळेल याची खात्री नाही. मग तू टीमला विचारायचीस, ‘कुणी ओळखीचं आहे का?’ भरती थांबलेली असतानाही माणसं नोकऱ्या सोडतात, बाळंतपणाच्या रजेवर जातात, निवृत्त होतात. त्यातल्या कितीतरी जागा जाहिरातीपर्यंत पोचतच नाहीत. तू मात्र रोज सकाळी फक्त जाहिराती वाचत बसतेस.

आणि या बाबतीत तुझ्या जवळच्या माणसांचा फारसा उपयोग नाही. नवरा, बहीण, दोन मैत्रिणी, त्यांना जे माहीत आहे ते तुलाही माहीत असतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७३ साली हेच मांडलं. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात, ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, ज्यानं खबर दिली तो तुम्हाला त्या काळात कितीदा भेटायचा? आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून जास्त, असं म्हणणारे १७ टक्क्यांहूनही कमी निघाले. वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी, असं म्हणणारे जवळपास २८ टक्के. उरलेले मधले. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी सदस्यांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. सर्वांत उपयोगी ओळखी निघाल्या त्या ना अगदी घट्ट, ना अगदीच नावापुरत्या. एकेकाळी बरोबर काम केलेली, आता दुसऱ्या कंपनीत असलेली, तुझं काम स्वतः पाहिलेली मुलगी. तिच्याहून नेमकी ओळख मला तरी सुचत नाही, आणि तिनं तर स्वतःहून विचारलंय.

नवऱ्याचं ‘घाई करू नकोस’ मायेचं असेल, सल्ला म्हणून ते वाया आहे. अमेरिकेत तीन अर्थतज्ज्ञांनी शंभर शहरांतल्या जाहिरातींना सुमारे १२,००० बनावट अर्ज पाठवून पाहिले. नोकरी जाऊन जितके महिने झाले, तितकी मुलाखतीची बोलावणी घटत गेली, आणि यातली बरीचशी घट पहिल्या आठ महिन्यांतच झाली. २०१३ मध्ये छापून आलेला हा अभ्यास आहे. तुझे पाच महिने गेले. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र तुझ्या बाजूची आहे. जिथे बेकारी जास्त होती तिथे नोकरीतल्या या खंडाचा फटका कमी बसला. सगळीकडेच माणसं घरी बसलेली असतात तेव्हा ‘हिच्यातच काही खोट असेल’ असा संशय तितका घेतला जात नाही. म्हणजे नोकरी गेली हे उघड सांगायला वाईट काळच त्यातल्या त्यात बरा. प्रोफाइलवरचं जुनं पद आजच काढ. जिला नोकरी आहे असं दिसतं, तिला कोण नोकरी सुचवणार?

आता फोनवर काय बोलायचं. हो, फोनच. मेसेज लिहायला घेतलास की तू तो सात वेळा खोडशील.

आधी तिचं. ‘तुला कमी केलं तेव्हा मी फोन करायला हवा होता, केला नाही.’ मग थांब आणि ती जे म्हणेल ते ऐक. ‘माझ्या हातात नव्हतं गं’ हे वाक्य तोंडात येईल, ते गिळ. ती चिडली तर चिडू दे, तो तिचा हक्क आहे. बहुधा चिडणार नाही. जिला राग धरायचा असतो ती ‘कशा आहात’ विचारत नाही.

मग तुझं, तेही स्पष्ट. ‘कुठे काही असेल तर बघ’ असलं मोघम नको, त्याचं कुणी काही करू शकत नाही. पुरवठादारांशी वाटाघाटी, वर्षाचे करार, खर्च खाली आणणं, यातलं तुला काय उत्तम येतं ते सांग. प्रमुखपद नसलं तरी चालेल का, पगारात किती खाली यायची तयारी आहे, हेही आधी ठरवून ठेव, कारण ती विचारेल. मात्र तिच्याकडे नोकरी मागू नकोस. ती देणं तिच्या हातात नाही आणि बिचारीला उगाच अवघडल्यासारखं होईल. एवढंच विचार, ‘तुमच्याकडे खरेदीचं कोण बघतं? त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोलता येईल का?’ सीव्ही तिनं मागितला तरच पाठव.

दीड वर्षापूर्वीच्या त्या यादीत ती एकटी नसणार. बाकीचेही आता कुठे ना कुठे लागले असतील. हिच्याशी बोलून झालं की त्यांनाही एकेक करून फोन लाव, आणि प्रत्येकाशी सुरुवात त्याच वाक्यानं कर. कुणी नाही उचलणार, नाही उचलला तर नाही.

आज कामाचा दिवस आहे. जेवणाच्या सुट्टीत ती मोकळी असेल, तेव्हा कर.