गुणगुण गेली आणि गाणेही गेले

वाचकांचे प्रश्न : घरगुती ध्वनिमुद्रण

प्रश्न : स. न. वि. वि. मी मिरजेत राहतो आणि घरातल्या एका खोलीत अभंग व भावगीते ध्वनिमुद्रित करतो. लॅपटॉप, दोन माइक लावता येतील असा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारे आणि तेथून बाहेर काढणारे उपकरण) आणि गेल्या महिन्यात घेतलेले पाच इंची दोन मॉनिटर, म्हणजे ध्वनिमुद्रण ऐकण्याचे स्पीकर, एवढाच माझा संच आहे. प्रथम इंटरफेसच्या मागच्या दोन आउटपुटांना मी घरी पडून असलेल्या गिटारच्या केबल जोडल्या. आवाज आला, पण गाणे थांबले की बारीक गुणगुण सतत ऐकू येई. मग एका मित्राच्या सांगण्यावरून नव्या केबल आणल्या आणि हेडफोनच्या सॉकेटला दुहेरी जोड लावून तेथून दोन्ही मॉनिटर चालू केले. गुणगुण साफ गेली. मात्र आता पेटी आणि तबला ऐकू येतात आणि माझा गळा तेवढा नाहीसा होतो. दूरच्या विहिरीतून आल्यासारखा त्याचा घुमारा फक्त राहतो. जोड काढून हेडफोन लावले की सगळे व्यवस्थित असते. मॉनिटर सदोष आहेत का? दुकानदार ते बदलून देण्यास तयार आहे.

उत्तर : मॉनिटर बदलू नका, ते उत्तम काम करीत आहेत. किंबहुना त्यांनी आपले काम नको तितके चोख केल्यामुळेच आपला गळा नाहीसा झाला आहे. आपल्या पत्रातील दोन तक्रारी वेगवेगळ्या वाटत असल्या, तरी ज्या कारणाने गुणगुण गेली त्याच कारणाने गाणेही गेले.

आपण आणलेल्या नव्या केबलची पिन हातात घेऊन पाहा. दुकानात जिला स्टिरिओ पी-३८ म्हणतात, ती ही ६.३५ मिलिमीटर जाडीची पिन. तिच्यावर दोन काळ्या रेघा दिसतील आणि त्या रेघांमुळे पिनेचे तीन भाग झालेले असतील : टोक, मधले कडे आणि दांडा. गिटारच्या केबलच्या पिनेवर एकच काळी रेघ असते, म्हणजे तिला मधले कडे नसते. पहिल्या प्रकाराला टीआरएस आणि दुसऱ्याला टीएस म्हणतात. घोटाळा असा आहे की टीआरएस पिनेतून दोन अगदी निराळ्या गोष्टी वाहून नेल्या जातात, आणि कोणती गोष्ट जाते आहे हे पिनेकडे पाहून कळत नाही. ते सॉकेटवर ठरते.

इंटरफेसच्या मागच्या आउटपुटांपाशी ‘बॅलन्स्ड’ असा शब्द छापलेला असेल, तर त्या प्रत्येक सॉकेटमधून एकाच बाजूचा आवाज बाहेर पडतो. तो टोकावर सरळ आणि कड्यावर उलटा असा दोन प्रतींत जातो. मॉनिटरचे इनपुट या दोन प्रतींची वजाबाकी करते. टोकावर ५ आणि कड्यावर उणे ५ असतील, तर वजाबाकी १० येते. वाटेत केबलमध्ये शिरलेला उपद्रव मात्र दोन्ही तारांवर सारखाच, समजा १ आणि १, असा येतो आणि वजाबाकीत शून्य होतो. बॅलन्स्ड जोडणीचे सगळे मर्म या साध्या अंकगणितात आहे.

हेडफोनच्या सॉकेटमध्ये मात्र टोकावर डावी बाजू आणि कड्यावर उजवी बाजू असते. आपण लावलेल्या दुहेरी जोडामुळे डावा मॉनिटर डाव्या बाजूला आणि उजवा उजव्या बाजूला लागला असे आपल्याला वाटले असणार. प्रत्यक्षात दोन्ही मॉनिटरना दोन्ही बाजू मिळाल्या, आणि दोघांनीही इमानेइतबारे डाव्यातून उजवे वजा केले. गायकाचा आवाज बहुधा एका माइकवर घेऊन बरोबर मध्यभागी ठेवतात, म्हणजे तो डावीकडे ५ आणि उजवीकडेही ५ असतो. वजाबाकी शून्य. तबल्याचा दायाँ एका अंगाला आणि बायाँ दुसऱ्या अंगाला ठेवला असेल, पेटी दोन माइकवर घेतली असेल, तर तेथे दोन्ही बाजू सारख्या नसतात, म्हणून ती वाद्ये उरली. गळ्याला लावलेला घुमाराही दोन्ही बाजूंना थोडा वेगळा असतो, म्हणून तोही उरला. आपली ‘दूरची विहीर’ ती हीच. खात्री करून घ्यायची असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये गळ्याचा ट्रॅक पूर्ण डावीकडे सरकवा. तो तत्काळ ऐकू येऊ लागेल.

तेव्हा नवी खरेदी काहीही करायची नाही. याच दोन नव्या केबल मागच्या आउटपुटांना लावा, प्रत्येक मॉनिटरला एक, आणि दुहेरी जोड खणात टाकून द्या. गुणगुण जाईल आणि गळा राहील. जोडण्यापूर्वी इंटरफेसचा व्हॉल्यूम पूर्ण खाली आणा, कारण गिटारच्या केबलने येत होता त्यापेक्षा आवाज आता ६ डेसिबेलपर्यंत मोठा येऊ शकतो. मॉनिटरच्या पाठीवर +४ आणि −१० असे बटण असल्यास ते +४ वर ठेवा. हे दोन आकडे म्हणजे विजेच्या दोन रूढ पातळ्या आहेत, सुमारे १.२३ व्होल्ट आणि ०.३२ व्होल्ट, म्हणजे एक दुसरीच्या जवळजवळ चौपट. मॉनिटर नेहमी सर्वांत शेवटी चालू करावेत आणि सर्वांत आधी बंद करावेत, नाहीतर इंटरफेस चालू-बंद होतानाचा ‘धप्प’ असा आवाज थेट त्यांच्या पडद्यावर आदळतो.

आता गुणगुणीविषयी थोडे, कारण बॅलन्स्ड केबलनंतरही ती क्वचित शिल्लक राहते. आपण काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गात असाल, तर ही गुणगुण आपल्याला इतरांपेक्षा अधिक का खटकली असेल हे सांगता येईल. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, आणि ५० हर्ट्झचा स्वर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर पडतो. काळी एकच्या षड्जाला तो जवळपास तीव्र मध्यम होतो. तानपुऱ्याशेजारी कोणी दिवसभर चढा तीव्र मध्यम धरून बसावे, तशातला हा प्रकार. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्याच्या तो कदाचित लक्षातही येणार नाही.

हा स्वर येतो कोठून? लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीतल्या थ्री-पिनमध्ये आणि मॉनिटर दुसऱ्या भिंतीतल्या थ्री-पिनमध्ये असले, की अर्थिंगला पोहोचायला दोन वाटा होतात आणि ऑडिओ केबलमधली तारांभोवतीची धातूची जाळी त्या दोन वाटांना जोडून एक फेरा पूर्ण करते. त्या फेऱ्यातून विजेचा अंश फिरतो आणि साध्या केबलमध्ये तो गाण्यात मिसळतो. तपासणी सोपी आहे. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. गुणगुण थांबली तर फेरा चार्जरमधून जातो. मॉनिटरची ऑडिओ केबल काढूनही ती चालूच राहिली, तर दोष त्या मॉनिटरमध्ये किंवा घरातल्या वायरिंगमध्ये आहे. उपाय म्हणून सगळी उपकरणे एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. अर्थिंगची पिन तोडून गुणगुण घालवण्याचा सल्ला अनेक जण देतात आणि गुणगुण त्याने खरोखर जाते; पण ती वरची जाड पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब ठेवलेली असते ती वीज पोहोचण्याआधी अर्थिंग लागावे म्हणूनच. तिच्याशी खेळू नये. हातात लोखंडी जाळीचा माइक धरून ओठ त्याला टेकवणाऱ्या माणसाने तर मुळीच नाही.

प्रश्न : मी डोंबिवलीच्या घरी यजमानांसह युगुलगीते ध्वनिमुद्रित करते. इंटरफेसला हेडफोनचे एकच सॉकेट असल्याने दोघांचे हेडफोन दुहेरी जोडाने लावले आहेत. माझ्या हेडफोनमध्ये आवाज कानठळ्या बसवणारा येतो आणि यांना जेमतेम ऐकू येते. जोड बदलून पाहिला, तरी तेच.

उत्तर : दोष जोडाचा नाही. दोन्ही हेडफोनच्या खोक्यांवर ओहममध्ये एक आकडा, म्हणजे हेडफोन विजेला किती अडथळा करतो त्याचे माप, छापलेला असेल. आपला बहुधा ३२ आणि यजमानांचा २५० निघेल. दुहेरी जोडातून दोघांना व्होल्टेज तेवढेच मिळते, पण ३२ ओहमचा हेडफोन त्यातून २५० ओहमच्या सुमारे आठपट शक्ती ओढून घेतो. तेव्हा एक तर दोघांनी एकाच जातीचे हेडफोन वापरावेत, किंवा छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर घ्यावा, ज्यात प्रत्येकाचा व्हॉल्यूम स्वतंत्र असतो. घरात सलोखा राहावा म्हणून मी दुसरा मार्ग सुचवीन.

वरच्या उत्तरात हेडफोनच्या सॉकेटमधून मॉनिटरकडे टीआरएस केबल नेऊ नये असे सुचवले आहे. येथे मात्र ती नेमकी त्याच सॉकेटमधून ॲम्प्लिफायरकडे न्यायची असते, कारण अशा स्वस्त ॲम्प्लिफायरला बहुधा एकच स्टिरिओ इनपुट असते आणि त्याला टोकावर डावे, कड्यावर उजवे असेच हवे असते. त्यात मागचे एखादे बॅलन्स्ड आउटपुट खुपसलेत, तर दोन्ही कानांत एकच बाजू आणि तीही एका कानात उलटी अशी ऐकू येईल. ३.५ मिलिमीटरच्या छोट्या पिनेवर मोठा ॲडाप्टर चढवलेला असल्यास तो शेवटपर्यंत बसला आहे ना, हेही पाहावे. दांड्याचा संपर्क सुटला, तर हेडफोनमध्येसुद्धा मिरजेच्या वाचकांसारखा गळा गायब होतो.

गाताना दोघांनीही बंद पाठीचे हेडफोन वापरावेत. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून तानपुरा आणि ठेका झिरपून माइकमध्ये उतरतो, आणि एकाने बेसूर घेतलेली ओळ नंतर पुन्हा गाऊन जोडायची म्हटले, तरी मागे तो जुना ठेका राहतोच. मॉनिटर त्या वेळी बंद ठेवावेत हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : हेडफोनमध्ये माझा आवाज मला दोनदा ऐकू येतो, त्यामुळे ताल चुकतो. (फोंडा, गोवा)

उत्तर : एक आवाज इंटरफेसमधून थेट येतो आणि दुसरा संगणकात जाऊन परत येतो. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने आणि २५६ नमुन्यांचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो नमुन्यांचा गठ्ठा) धरल्यास जाताना ५.३ आणि येताना ५.३, म्हणजे निदान साडेदहा मिलिसेकंदांचा उशीर होतो. इंटरफेसवरचे ‘डायरेक्ट मॉनिटर’ बटण चालू ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिमुद्रण चाललेल्या ट्रॅकचे मॉनिटरिंग, म्हणजे तो संगणकातून परत ऐकवणे, बंद करा. गळ्यावर घुमारा ऐकल्याशिवाय गाता येत नसेल तर याच्या उलट करा, म्हणजे डायरेक्ट मॉनिटर बंद, सॉफ्टवेअरमधले चालू आणि बफर ६४ किंवा संगणकाला झेपेल तितका लहान.