काढलेला सुपरवायझर आणि तीन पानी अर्ज

“मॅडम, सात वर्षं ज्याला घरच्यासारखं वागवलं, त्यानंच माझ्यावर अर्ज टाकला.”

पुण्याजवळ इमारती बांधणारे एक बिल्डर सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) साइट सुपरवायझरला त्यांनी कामावरून काढलं आणि दोन महिन्यांत त्याचा तक्रार अर्ज महापालिकेत, कामगार आयुक्तांकडे आणि महारेरात (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात) पोचला. वर फ्लॅटधारकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो. हे रात्री दोनला उठून तो ग्रुप बघत बसायचे. अब्रुनुकसानीचा दावा ठोकायचा, एवढंच डोक्यात.

मी त्यांना अर्ज मोठ्यानं वाचायला लावला. रागावलेला माणूस अर्ज वाचत नाही, अर्जदाराला वाचतो.

आरोप तीनच निघाले. चौथ्या स्लॅबला सळई कमी टाकली. मजुरांना सेफ्टी बेल्ट नाहीत. माझे पैसे बुडवले.

पहिला धादांत खोटा होता. ओतकामाआधी स्ट्रक्चरल कन्सल्टंटनं सळई तपासून सही केली होती, फोटो होते. बिल्डर क्यूबचे, म्हणजे काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांच्या चाचणीचे, 7 आणि 28 दिवसांचे रिपोर्टही दाखवायला लागले. पण क्यूबवरून काँक्रीटची ताकद कळते, सळई नाही. म्हटलं, आरोपाला लागू पडेल तोच कागद पुढे करा. तारखेवार उत्तर एकदाच, लेखी, त्या त्या कार्यालयात द्यायचं आणि पोच घ्यायची. ग्रुपवर फक्त “लेखी उत्तर दिलं आहे” एवढंच.

बेल्टचं विचारल्यावर ते घुटमळले. “आहेत. स्टोअरमध्ये.”

आणि पैसे?

“अर्ज मागे घेतल्याशिवाय एक रुपया देणार नाही!”

इथेच सगळं अडलं होतं. सुपरवायझरचा शेवटचा मूळ पगार 26,000. थकलेले पैसे म्हणजे ग्रॅच्युइटी, नोकरी सुटताना सेवेबद्दल मिळणारी रक्कम. तिचा हिशेब 26 दिवसांच्या महिन्यानं, दर वर्षाला 15 दिवसांचा पगार. सात वर्षांचे 1 लाख 5 हजार. नोकरी सुटल्यावर 30 दिवसांत द्यायचे असतात, उशिराला व्याज लागतं. ही रक्कम अर्जाच्या बदल्यात लटकवली, की खोट्या अर्जाला तुम्हीच खरा आधार देता. दाव्याबद्दल त्यांच्या वकिलांचंही मत सावध होतं: अधिकाऱ्यांकडे सद्भावनेनं केलेली तक्रार अब्रुनुकसानीत मोडत नाही, आणि त्यानं जाणूनबुजून खोटं लिहिलं हे दाखवणं सोपं नाही. पैसे उकळण्याची धमकी असती तर मीही त्यांना आधी पोलिसांकडे पाठवलं असतं. तशी ती नव्हती.

महिन्याभरानं ते पुन्हा आले. चेक दिला होता, व्याजासकट. सुपरवायझरनं सही केली, चहा नको म्हणाला आणि दारातून विचारलं, “साहेब, बेल्ट वाटले का?”

“मग?” मी विचारलं.

“त्याच दिवशी वाटले,” ते खाली बघत म्हणाले.

अर्ज मागे घेतलेला नाही. पाहणीची तारीख लागली आहे. झोप आता पहाटे चारपर्यंत टिकते म्हणे.