देवाची हाक ओळखायची कशी? नोकरी सोडून सेवेत जावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नोकरीला आठ वर्षं झाली, रविवारची उपासना चुकत नाही, पहाटेची प्रार्थनाही होते, तरी देव आपल्याला कशासाठी बोलावतोय ते उमगत नाही. मग सरळ नोकरी सोडून सेमिनरीत, म्हणजे चर्चचा पाळक होण्याचं शिक्षण घ्यायला, जावं का? शेवटी कंसात तुम्ही आणखी एक वाक्य टाकलंय. त्याकडे मी नंतर येते.

मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. हिशेब लिहिणारी बाई आहे. पण एके काळी मीही अशीच हाकेची वाट बघत बसले होते.

बसले होते म्हणजे अगदी दार लोटून, मांडीवर बायबल घेऊन. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तो काळ. दिवसभरात स्वतःचा म्हणून मिळायचा तो पहाटेचा अर्धा तास, आणि त्यात मी पुन्हा पुन्हा शमुवेलाचा तो अध्याय वाचायचे. ‘प्रभू, बोल, मी ऐकतेय.’ नेमकी त्याच वेळी पलीकडच्या खोलीतून हाक यायची, ‘अगं, जागी आहेस का?’ कधी पाणी हवं असायचं, कधी कूस बदलायची असायची, कधी नुसतं किती वाजले ते विचारायचं असायचं. मी गप्प राहायचे. ‘जागी आहेस का’ला उत्तर न देणं म्हणजे झोपेचं सोंगच की! देवापुढे बसून झोपेचं सोंग. एका पहाटे त्यांनी तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला मी चरफडत उठले, त्यांच्या पाठीखाली हात घालून त्यांना वळवलं. त्या म्हणाल्या, ‘तुझी प्रार्थना मोडली ना गं?’ मला काही बोलता आलं नाही.

पुढचे कित्येक दिवस तो अध्याय मला वेगळाच दिसायला लागला. पहिला शमुवेल, अध्याय 3. पोरगा शमुवेल मंदिरात झोपलाय. हाक येते, तो उठून म्हाताऱ्या याजक एलीकडे धावतो: हा मी आलो, तुम्ही बोलावलंत ना? एली म्हणतो, मी नाही, जाऊन झोप. असं तीनदा होतं. मग एलीला उमगतं, ही देवाची हाक आहे, आणि पुन्हा हाक आली तर ‘बोल, मी ऐकतोय’ म्हण, असं तो पोराला सांगतो. उपदेशात सगळा भर असतो तो चौथ्या हाकेवर. मला मात्र पहिल्या तीन जास्त मोलाच्या वाटतात. एलीची नजर मंद झाली होती, हे तिथेच दुसऱ्या वचनात लिहिलंय. म्हणजे माझा आपला अंदाज असा की, म्हाताऱ्याला रात्री-अपरात्री काही लागलं तर उठायची त्या पोराला सवयच असणार. देवाची हाक त्याला अजून ओळखता येत नव्हती, पण हाकेला उठणं येत होतं. माझं बरोबर उलटं चाललं होतं. मला देवाची हाक हवी होती, माणसाची नको होती.

आणि ती हाक आली तरी कशासाठी? एलीच्या घराण्यावर न्याय येणार, हे सांगण्यासाठी. ज्याने वाढवलं त्यालाच ते सांगायचं होतं. शमुवेल घाबरला. सकाळपर्यंत पडून राहिला आणि मग उठून त्याने परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडली. एवढी मोठी रात्र झाली, तरी सकाळचं त्याचं काम तेच होतं.

आता सेमिनरीचं. ‘पाचारण’, म्हणजे देवाचं बोलावणं, हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर झगा आणि वेदी येते. हे आजचं नाही. मध्ययुगीन युरोपात पाचारण म्हणजे धर्मगुरू, मठवासी आणि नन यांचंच, असाच समज होता. सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने त्याला धक्का दिला: शेतकरी, मोलकरीण, आईबाप, न्यायाधीश, जो जिथे आहे तिथे शेजाऱ्याची सेवा करतो ते पाचारणच. जर्मनमध्ये धंदा-पेशाला आजही ‘बेरूफ’ म्हणतात, त्याच्या मुळाशी बोलावणंच आहे. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1964 साली, पवित्रतेचं पाचारण सगळ्यांनाच आहे हे स्पष्ट शब्दांत मांडलं. ब्रदर लॉरेन्स हे पॅरिसच्या मठातले साधे बंधू. 1691 मध्ये वारले. त्यांना स्वयंपाकघरात नेमलं होतं, आणि त्या कामाची त्यांना मनातून नावड होती. तरी भांड्यांच्या खडखडाटात देवाशी बोलत राहायचं ते शिकले. नावड होती, हा तपशील मला फार दिलासा देतो.

म्हणून पूर्णवेळ सेवा खोटी, असं मी म्हणत नाही. लूकच्या शुभवर्तमानात तीन माणसं शेजारी शेजारी ठेवून बघा. लेवी जकातनाक्यावर बसलाय. येशू म्हणतो, माझ्यामागे ये, आणि तो सगळं सोडून निघतो (5:27-28). जक्कय तर मुख्य जकातदार. त्याला येशू म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय (19:5). नाका सोड, असं म्हटल्याचं कुठेही नाही. सुटतो तो त्याच्याकडचा पैसा: निम्मी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत. आणि ज्याच्यातून भुतांची टोळी निघाली तो माणूस तर बरोबर येऊ द्या म्हणून विनवतो. त्याला येशू सांगतो, घरी जा आणि देवाने तुझ्यासाठी काय केलं ते सांग (8:38-39). पूर्णवेळ सेवेचा अर्ज थेट प्रभूने नाकारल्याचं हे उदाहरण! तुम्ही यातले कोण, हे मी इथून सांगू शकत नाही. पण नोकरी सोडली की आपोआप देवाच्या जवळ गेलो, हा हिशेब चुकीचा आहे, एवढं नक्की.

नोकरीतल्या हाकेला तर गूढ असं फारसं काही नसतं. जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो म्हणतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका (लूक 3:13). बस्स. मला एकदा एक बिल मागची तारीख टाकून चढवायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही, हात मात्र थरथरत होते. दोन महिन्यांनी माझं टेबल बदललं, त्याचा सल अजून आहे. पण ते पाचारण होतं का, असं विचाराल तर होय म्हणेन.

ओळखायचं कसं, याचं सूत्र माझ्याकडे नाही. रविवारच्या गाण्यांनी भरून येतं ते मंगळवारपर्यंत टिकतं का, एवढं मी बघते. एकट्याने ठरवत नाही. शमुवेललाही एलीने सांगेपर्यंत कळलं नव्हतं, आणि एली काही आदर्श माणूस नव्हता. आणि ज्या हाकेची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते, तिच्याबद्दल मला शंका येते. आमच्या प्रार्थनागटातल्या एकाने ‘देवाने सांगितलं’ म्हणून राजीनामा दिला. बायकोला ते कळलं महिनाभराने, घरभाडं थकल्यावर. ज्या देवाने त्याला सांगितलं, तो तिलाही सांगू शकला असता, असं आपलं मला वाटतं.

आता कंसातलं वाक्य. तुम्ही लिहिलंय: (धाकट्या भावाशी दोन वर्षं बोलणं बंद आहे, पण तो वेगळा विषय.) मत्तय 5:23-24 काढा. अर्पण घेऊन वेदीशी उभे आहात आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचं. तुम्हाला भाऊ आठवला तो नेमका सेमिनरीबद्दल लिहिताना. अर्ज काय, पुढच्या महिन्यातही भरता येईल.